खासदाराचं प्रगतिपुस्तक: काय मोजलं, काय राहिलं



संयोजकांनी विषय दिला आहे, 'आपला लोकप्रतिनिधी सभागृहात काय करतो?' वरवर पाहता उत्तर सोपं आहे. मोबाईल काढा, खासदाराचं नाव टाका, आकडे हजर. हजेरी किती टक्के, प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा भाग घेतला, खासगी विधेयकं किती मांडली. दिल्लीची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था हे आकडे मांडते. मुंबईत प्रजा फाउंडेशन तिथल्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढते. शिवाय 'संसदरत्न' पुरस्कार आहे. आपल्या शिरूर मतदारसंघाचे आधीचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील आणि आताचे डॉ. अमोल कोल्हे, दोघांनाही तो मिळालेला आहे. म्हणजे बघा, दोघं एकमेकांविरुद्ध निवडणूक लढलेले, आणि दोघंही रत्न! (हशा) मग मतदाराने निवड कशावर करायची?

मी आज या प्रगतिपुस्तकावर टीका करणार आहे. ते काढणाऱ्यांच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. वीस वर्षांपूर्वी एवढी माहितीसुद्धा सामान्य माणसाला मिळत नव्हती. माझा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याचा आहे: जे मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं आपण कधीपासून मानायला लागलो?

सुरुवात मतदानापासून करू. खासदाराने कोणत्या कायद्याच्या बाजूने मत दिलं आणि कोणत्या विरोधात, ही खरी तर त्याच्या कामाची पहिली नोंद. अमेरिकेत महत्त्वाच्या मतदानांत सदस्यागणिक नोंद होते आणि मतदार ती तोंडावर फेकतात. आपल्याकडे काय होतं? अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'हो' म्हणावं, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. आवाज ऐकतात आणि निकाल सांगतात. हे आवाजी मतदान. कोणी आग्रहाने मतविभाजन मागितलं आणि ते मिळालं, तरच नावनिशीवार नोंद होते. बहुतेक विधेयकं आवाजीनेच मंजूर होतात, आणि आवाजाला नाव नसतं.

हे तुमच्या शिवाराशी कसं जोडलेलं आहे, ते सांगतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथून जवळच पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बिबट्या पकडायचा, मारायचा की सोडून द्यायचा, हे ज्या कायद्याने ठरतं तो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण. या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली ती अलीकडेच. २ ऑगस्ट २०२२ ला लोकसभेत आणि ८ डिसेंबर २०२२ ला राज्यसभेत ती मंजूर झाली. अनुसूच्यांची सगळी मांडणी बदलली, बिबट्या पहिल्याच अनुसूचीत राहिला. लोकसभेतली ती मंजुरी आवाजी मतदानाने झाली. म्हणजे ज्या कायद्यामुळे तुमच्या घरातली बाई संध्याकाळनंतर गोठ्यात जायला घाबरते, त्यावर तुमच्या खासदाराचं मत कोणतं, हे मतांच्या नोंदीत सापडणारच नाही. ती नोंद नाहीच.

बरं, जिथे नोंद होते तिथे काय कळतं? घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतं मोजावीच लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. आता या ४५४ जणांत फरक कसा करणार? एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर २८८ विरुद्ध २३२ अशी मतं पडली. तिथे फरक दिसतो, पण तो पक्षांतला. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. आयाराम-गयारामांना रोखायला हा कायदा हवा होता, हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत अशी की खासदाराचं मत हे आता बहुतांशी त्याचं मत राहिलेलं नाही. ती पक्षाची हजेरी झाली आहे.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे, आणि इथे बसलेल्या कांदेवाल्यांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी लागली. भाव कोसळले. आता तारीख नीट पाहा. संसदेचं हिवाळी अधिवेशन ४ डिसेंबरला सुरू झालं होतं. म्हणजे लोकसभा चालू होती, साडेपाचशेच्या आसपास खासदार दिल्लीत होते, आणि तुमच्या वर्षभराच्या हिशेबाचा निकाल विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने लागला. त्यासाठी सभागृहाचं मत घ्यावं लागलं नाही. कायद्यानेच तो अधिकार सरकारकडे दिलेला आहे. मग मतांच्या नोंदीत कांदा कुठे शोधणार?

त्याच महिन्यात आणखी एक घडलं. १९ डिसेंबरला लोकसभेतल्या ४९ विरोधी खासदारांना निलंबित केलं. त्यांत सुप्रिया सुळे होत्या, आपले डॉ. कोल्हेही होते. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे २० तारखेला, भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयकं लोकसभेने आवाजीने मंजूर केली. निलंबित सदस्याला सभागृहात पाऊल ठेवता येत नाही. नंतर २७ ते ३० डिसेंबर शिवनेरी ते पुणे असा शेतकरी आक्रोश मोर्चा निघाला, त्याचं नेतृत्व कोल्हे यांनी केलं. हजेरीच्या टक्केवारीत निलंबनाचं कारण मावत नाही आणि मोर्चाला रकाना नाही. मोर्चा म्हणजे संसदीय काम नव्हे, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण निदान गैरहजर आणि बाहेर काढलेला यांत फरक आहे, एवढं तरी पुस्तकाने सांगायला हवं.

आमदारांचंही तेच. शिरूर तालुक्यातली ३९ गावं विधानसभेला आंबेगावला जोडलेली आहेत, कवठे त्यांतलं एक. दिलीप वळसे पाटील १९९० पासून आंबेगावचे आमदार. ते २००९ ते २०१४ विधानसभेचे अध्यक्ष होते आणि बरीच वर्षं मंत्री होते. अध्यक्ष प्रश्न विचारत नाही. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो. आकड्यांच्या हिशेबाने त्या काळातलं काम शून्य. तुम्ही त्यांचे समर्थक असा की विरोधक, हे शून्य दोघांनाही निरुपयोगी आहे.

उलट बाजूने प्रश्नांची मोठी संख्या घ्या. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांची सदस्यत्वं गेली, त्यांत दोघे आपल्या खानदेशातले होते. विकत घेतलेला प्रश्नही मोजणीत एकच भरतो आणि शेतकऱ्याच्या घरी बसून समजून घेतलेला प्रश्नही एकच भरतो.

आणि खासगी विधेयकं? १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. मग ती मांडायची कशाला? बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्ये एक मांडलं होतं. गोलकनाथ निकालानंतर मूलभूत हक्कांच्या प्रकरणात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा, असं ते विधेयक. ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली, तिचा गाभा तोच होता. त्यांच्या भूमिकेशी तुम्ही असहमत असू शकता, पण रकान्यात 'मंजूर: शून्य' लिहून त्या कामाचं मोल कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग आकडे फेकून द्यायचे का? मुळीच नाही. मंत्री नाही, आजारी नाही, निलंबित नाही, आणि तरी कोणी पाच वर्षांत जेमतेम उगवला असेल, तर तो आकडा बोलतो. हजेरीने नालायक ओळखता येतो. लायक ओळखायला ती पुरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना एक भेद केला होता. सरकारच्या जबाबदारीची झडती दोन प्रकारे होते. एक ठराविक काळाने, निवडणुकीत, मतदारांकडून. दुसरी रोजची, प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून, सदस्यांकडून. आपल्या देशाला रोजच्या झडतीची जास्त गरज आहे, असं त्यांचं मत होतं. मी त्यात एकच जोड देतो: सदस्य रोज झडती घेतात की नाही, हे पाहणारं कोणीतरी गावात हवं.

इथे ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क आठवतो. १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने सांगितलं, मी तुमचा निरोप्या नाही, माझी बुद्धी वापरणं हेच माझं देणं आहे. १७८० मध्ये हार दिसत असल्यामुळे त्याला तिथून माघार घ्यावी लागली. बर्कचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रतिनिधीने डोकं वापरावं. पण ते कसं वापरलं, याचा जबाब त्याने द्यावा. जबाब घ्यायचा तर विचारणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. माणसाचा नव्हे, प्रश्नाचा माग काढा. वर्षाला दोनच विषय घ्या, बिबट्या आणि कांदा. आपल्या खासदाराने त्यावर कोणत्या तारखेला, कोणत्या मंत्र्याला, काय विचारलं? लोकसभेतले प्रश्न आणि त्यांची उत्तरं संकेतस्थळावर असतात, विधिमंडळाची मराठीत असतात. उत्तर वाचा. मंत्र्याने 'माहिती गोळा केली जात आहे' असं म्हटलं, तर ते संसदेत आश्वासन धरलं जातं. ते साधारण तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते, आणि त्यावर नजर ठेवायला लोकसभेत १९५३ पासून आश्वासन समिती आहे. मग तिसऱ्या महिन्यानंतर खासदाराला विचारा, त्या आश्वासनाचं काय झालं? तुम्ही पुन्हा पत्र दिलंत का? पुरवणी प्रश्न विचारलात का?

इथल्या शाळेतली दहावी-बारावीची पोरं हे करू शकतात. एक वही घाला. चार रकाने: प्रश्न, तारीख, उत्तर, पुढे काय. ग्रामसभेत ती वही वाचून दाखवा. आज आपण खासदाराला काय विचारतो? हायमास्ट दिवा कधी, सभामंडप कधी, लग्नाला का आला नाहीत. (हशा) तो बिचारा मांडवात हजेरी लावतो, कारण तुम्ही ती हजेरी मोजता. तुम्ही जे मोजाल तेच तो करील. म्हणून प्रगतिपुस्तकाची जबाबदारी दिल्लीतल्या संस्थेवर टाकून चालणार नाही.

पिंपरखेडच्या लोकांना रस्ता अडवावा लागला, कारण त्याआधीच्या सगळ्या दारांवर त्यांचं ऐकलं गेलं नाही अशी त्यांची भावना होती. रस्ता अडवणं हा शेवटचा उपाय असतो. सभागृहातला प्रश्न हा पहिला असायला हवा, आणि तो विचारला गेला की नाही हे माणूस जाण्याच्या आधी आपल्याला माहीत असायला हवं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.