निष्पाप नसलेल्या मुलाचे काय? बालगुन्हेगारीविषयक चार चित्रपटांची चिकित्सा

प्रास्ताविक

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला आणि रस्ते अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहावा, अशी एक अट घातली. त्यानंतर उसळलेला लोकक्षोभ सर्वपरिचित आहे. आदेशात बदल होऊन मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. जुलै २०२५ मध्ये, त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

या घटनाक्रमात कायद्याच्या प्रश्नांइतकीच जनमानसाची एक गोष्ट टिपण्यासारखी आहे. बालगुन्हेगाराविषयी भारतीय समाजाला सहानुभूती वाटत नाही, असे म्हणता येणार नाही. ती वाटते, आणि तिच्या घडणीत चित्रपटांचा वाटा मोठा आहे. परंतु ती एका विशिष्ट मुलासाठी राखून ठेवलेली असते. हा मुलगा भुकेला असतो, घराला पारखा झालेला असतो आणि त्याचा अपराध त्याने सोसलेल्या अन्यायापेक्षा नेहमीच लहान असतो. कल्याणीनगरच्या प्रकरणातील संपन्न घरचा मुलगा या साच्यात बसत नव्हता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार व हत्या प्रकरणातील अल्पवयीन आरोपी गरीब घरातला होता. पण त्या कृत्याच्या क्रौर्यापुढे साचा निरुपयोगी ठरला. अशा वेळी, ज्या सहानुभूतीवर बाल न्यायाची सारी इमारत उभी आहे असे आपण समजत होतो, ती पायाच नव्हती की काय, अशी शंका येते. प्रस्तुत लेखात या शंकेच्या उजेडात चार चित्रपटांचा विचार केला आहे.

भाकरी आणि रक्त

राज कपूर यांच्या 'आवारा' (१९५१) या चित्रपटाची कथा ख्वाजा अहमद अब्बास व व्ही. पी. साठे यांची. चोराचा मुलगा चोरच होणार या न्यायमूर्ती रघुनाथच्या सिद्धांताला हा चित्रपट आव्हान देतो. आईसाठी भाकरी चोरणारा राज तुरुंगात जातो. बाहेर न मिळालेली भाकरी त्याला आत मिळते. परिस्थिती गुन्हेगार घडविते हा विचार सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय या चित्रपटाला निःसंशय द्यावे लागेल.

मात्र त्याच्या युक्तिवादात एक फट आहे. राज हा प्रत्यक्षात रघुनाथचाच मुलगा आहे. आनुवंशिकतेचा सिद्धांत खोटा पाडण्यासाठी कथेने जो मुलगा निवडला, तो 'खानदानी' रक्ताचा आहे. जग्गा डाकूचा पोटचा मुलगा सुधारताना दाखविला असता तर सिद्धांताचा खरा पराभव झाला असता. येथे प्रेक्षकाला आपला पूर्वग्रह न सोडताही राजवर प्रेम करता येते. दयेला पात्र ठरण्यासाठी मुलाकडे आधीच काहीतरी चांगले असावे लागते, ही अट 'आवारा'ने मोडली नाही. ती फक्त पडद्याआड ठेवली.

मानसशास्त्रज्ञासमोरचा मुलगा

फ्रान्स्वा त्रुफो यांच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज' (१९५९) मधील आंत्वान हा पॅरिसमधील शाळकरी मुलगा सावत्र वडिलांच्या कार्यालयातून टाइपरायटर चोरतो. तो विकता येत नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि तेव्हाच पकडला जातो. सावत्र वडील स्वतः त्याला पोलिसांकडे नेतात. रात्री पोलिसांच्या गाडीतून, गजांआडून तो शहराचे दिवे पाहतो. एवढ्या लहान अपराधासाठी यंत्रणेचा एवढा पसारा हलतो, आणि त्यात कोणीही विशेष दुष्ट नाही. प्रत्येक जण आपले काम करतो आहे. त्रुफो स्वतः किशोरवयात अशाच एका निरीक्षण केंद्रात राहिले होते. त्यामुळे या दृश्यांत कणव आहे, पण आरडाओरडा नाही.

या चित्रपटातील मर्मस्थान म्हणजे निरीक्षण केंद्रातील मानसशास्त्रज्ञाशी झालेली मुलाखत. प्रश्न विचारणारी स्त्री पडद्यावर एकदाही दिसत नाही. केवळ तिचा आवाज ऐकू येतो. कॅमेरा सतत आंत्वानवर आहे. या प्रसंगातील उत्तरे बालनट झां-पिएर लिओ याने बहुतांशी उत्स्फूर्तपणे दिली होती. तो हात चाळवत, मधूनच हसत बोलतो. खरे सांगितले तरी कोणी विश्वास ठेवत नाही, तर मग खोटेच बरे, अशा अर्थाचे तो काही सांगून जातो. आपल्या आईला आपण नकोच होतो, हेही त्याच स्वरात सांगतो. आतापर्यंत त्याला शिक्षक, पालक, पोलीस, न्यायाधीश सारे काही ना काही बोलले. त्याचे म्हणणे सलग ऐकून घेतले जाते ते येथेच. आणि या ऐकण्याचा पुढे काहीही परिणाम होत नाही. मुलाखत संपते, केंद्राचा दिनक्रम चालू राहतो आणि एके दिवशी फुटबॉलच्या खेळातून तो कुंपणाखालून निसटून समुद्राकडे धावत सुटतो.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षात घ्यावी लागते. फ्रान्समध्ये २ फेब्रुवारी १९४५ च्या अध्यादेशाने अल्पवयीनांच्या बाबतीत शिक्षेपेक्षा शिक्षणाला प्राधान्य देणारी आणि मुलांसाठी स्वतंत्र न्यायाधीश नेमणारी व्यवस्था आणली होती. आंत्वानची कहाणी त्या उदार कायद्याच्या छत्राखाली घडते. कायद्याचा हेतू उदार असूनही केंद्रात खुणेआधी पाव खाल्ला म्हणून मुलाच्या मुस्काटात बसते. हेतू आणि इमारत यांच्यातले हे अंतर भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये.

भारताच्या बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम १५ या मुलाखतीच्या संदर्भात वाचण्यासारखे आहे. हा अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. सोळा ते अठरा वयोगटातील बालकाने निर्घृण अपराध, म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेस पात्र अपराध, केल्याचा आरोप असेल, तर मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करावयाचे असते. असा अपराध करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि अपराध घडला ती परिस्थिती, हे मूल्यमापनाचे विषय होत. दोष सिद्ध होण्यापूर्वीच 'हा अपराध करण्याची क्षमता' तपासणाऱ्या या तरतुदीतील तर्कदोष कोणाच्याही ध्यानी यावा. जुलै २०२२ मध्ये 'बरुण चंद्र ठाकूर विरुद्ध मास्टर भोलू' या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे काम नाजूक असल्याचे सांगितले, आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाचे साहाय्य घेणे बंधनकारक ठरविले. हा निवाडा स्वागतार्हच आहे. तथापि आंत्वानची मुलाखत पाहिलेल्याच्या मनात प्रश्न उरतो तो वेगळा: तज्ज्ञाने नीट ऐकले, तरी ते ऐकणे कशासाठी? मुलाला समजून घेण्यासाठी, की त्याला कोणत्या दारातून आत पाठवायचे हे ठरविण्यासाठी?

मुंबईचा कृष्णा

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) मध्ये कृष्णाने आधी भावाची मोटारसायकल जाळलेली आहे. पाचशे रुपये भरून दिल्याखेरीज घरी यायचे नाही, असे आईने बजावले आहे. सर्कस त्याला मागे सोडून गेल्यावर तो मुंबईला येतो आणि वेश्यावस्तीत चहा पोचवू लागतो. या मुलाचा हिशोब सरळ आहे: पाचशे रुपये जमले की घर. चित्रपटभर तो पैसे जमवितो, आणि ते पैसे त्याचाच मित्र चिलीम व्यसनापायी उडवितो.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या कथेतील क्रम. कृष्णा मित्रांसोबत एका वृद्ध पारशी गृहस्थाच्या घरात चोरी करतो. त्याबद्दल कोणी त्याला पकडत नाही. लग्नसमारंभात वाढप्याचे काम करून रात्री मंजूसह परतताना मात्र पोलीस त्याला उचलतात. म्हणजे कष्ट करून येत असताना, केवळ रस्त्यावर सापडला म्हणून तो भिंतीआड जातो. पुढे तो तेथून पळतो आणि बाबाचा खून करतो, तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कायदा कुठेच दिसत नाही. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने 'उपेक्षित' व 'अपराधी' अशी बालकांची दोन गटांत विभागणी केली होती. चौकशीच्या काळात मात्र दोघांनाही एकाच निरीक्षणगृहात ठेवता येत असे. कृष्णा उपेक्षित असताना कैदी आहे आणि अपराधी असताना मोकळा आहे. कायद्याच्या वर्गवारीवर याहून मार्मिक भाष्य हिंदी चित्रपटात क्वचितच झाले असेल.

पण याही चित्रपटाला 'आवारा'चीच मर्यादा आहे. कृष्णाच्या हातून मरणारा बाबा हा बायकामुलांना लुबाडणारा दलाल आहे. नाना पाटेकर यांनी तो इतका प्रत्ययकारी उभा केला आहे की त्याच्या मृत्यूने प्रेक्षकाला सुटल्यासारखेच वाटते. पारशी वृद्धाच्या घरातील चोरीचा प्रसंग निसटता आहे. त्या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले, हे कथेला महत्त्वाचे वाटत नाही. 'सोला साल'च्या खोलीला कृष्णा आग लावतो, तीही त्याच्या प्रेमाची खूण म्हणून स्वीकारली जाते. पीडिताचा चेहरा पुसला की मुलावर माया करणे सोपे जाते.

पट्टा

या कसोटीला उतरणारा चित्रपट म्हणजे व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'शूशाइन' (१९४६). रोममध्ये अमेरिकन सैनिकांचे बूट पुसणारे पास्क्वाले आणि ज्युसेप्पे एका घोड्यासाठी पैसे साठवितात, मोठ्यांच्या काळ्या बाजारात वापरले जातात आणि मुलांच्या तुरुंगात येतात. पास्क्वालेने बोलावे म्हणून अधिकारी एक युक्ती करतात. दाराआड पट्ट्याचे फटके आणि मुलाच्या किंकाळ्या ऐकू येतात. वास्तविक मार खात असते ते एक पोते. मित्राला वाचविण्यासाठी पास्क्वाले नावे सांगतो. ज्युसेप्पेला तो विश्वासघात वाटतो. येथून त्यांच्या मैत्रीचा ऱ्हास सुरू होतो. शेवटी ज्युसेप्पे दुसऱ्या एका मुलाबरोबर पळतो, तेव्हा पास्क्वाले त्याला पुलावर गाठतो आणि कमरेचा पट्टा काढून मारू लागतो. ज्युसेप्पे खाली कोसळून मरतो.

दे सिका यांनी मुलाला निर्दोष ठेवलेले नाही. मरणारा ज्युसेप्पे खलपात्र नाही; प्रेक्षकाने त्याच्यावरही तेवढेच प्रेम केलेले आहे. आणि तरीही पट्टा कोठून आला हे विसरता येत नाही. मोठ्यांनी पोत्यावर चालविलेला पट्टा मुलाच्या हातात येतो, तेव्हा समोर पोते नसते. दोष आणि सहानुभूती येथे एकमेकांना खोडत नाहीत.

बाल न्यायाचे समर्थन करावयाचे तर या भूमिकेवरून करावे लागेल. मूल गोड आहे, गरीब आहे, त्याला काही कळत नव्हते, ही कारणे प्रत्येक प्रकरणात पुरत नाहीत. आणि ती जेथे अपुरी पडतात तेथेच कायद्याची परीक्षा असते. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा कमी करण्यास नकार दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 'सलील बाली' प्रकरणात अठरा वर्षांची मर्यादा कायम ठेवली. तरीही दिल्ली प्रकरणातील तरुण २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवे विधेयक संमत केले. हा निर्णय सहानुभूती संपल्यावरचा होता. सतरा वर्षांच्या मनाची घडण अपुरी असते ही गोष्ट मात्र त्या दोन दिवसांत बदललेली नव्हती. मोटारीची किल्ली, मद्य, काळा बाजार, पट्टा हे मुलाच्या हाती मोठ्यांकडून येते, हेही नाही.

निबंधाच्या अटीची टिंगल झाली ती या अर्थाने योग्यच होती. परंतु त्या अटीतील उणीव कोणती, याचे निदान चुकले. तुरुंग नव्हता ही तिची खरी उणीव नसून, ज्यांची मुले गेली ती घरे त्या निबंधात कोठेच नव्हती, ही होती. 'रस्ते अपघात' हा विषय आहे. दोन माणसांचा मृत्यू हा विषय नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. तीत मुलगा, त्याचे नातलग आणि इच्छा असल्यास पीडित व्यक्ती एकत्र बसून भरपाई व पुढील उपाय यांवर विचार करतात. शोकग्रस्तांवर अशा भेटीची सक्ती करणे क्रूरपणाचे ठरेल, आणि मृत्यूच्या प्रकरणात भरपाई हा शब्दही तोकडा आहे. तरीही आपण कोणाचे काय केले याला सामोरे जाणे हे निबंधापेक्षा आणि कदाचित कोठडीपेक्षाही कठीण असते. आपल्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड अशा अनेक आदेशांना जागा आहे. पीडिताला मात्र त्यात स्वतंत्र स्थान नाही, आणि मराठी वृत्तपत्रांतील चर्चा तर सोळा की अठरा या आकड्यांपलीकडे क्वचितच जाते.

'शूशाइन'च्या अखेरीस घोडा अंधारात निघून जातो. पास्क्वाले मित्राच्या कलेवरापाशी आक्रोश करीत असतो आणि तुरुंगाची माणसे तेथे पोहोचतात. आता मात्र ती काही विचारत नाहीत.