गाणं ऐकून वय कमी होतं का?

मानसशास्त्राच्या एम.ए.ला असाल आणि संख्याशास्त्र म्हणजे टी-टेस्टची सूत्रं पाठ करणं, असं वाटत असेल, तर सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन यांचा 2011 चा 'फॉल्स-पॉझिटिव्ह सायकॉलॉजी' हा शोधनिबंध आधी वाचा. आठच पानं आहेत.

त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या 20 विद्यार्थ्यांपैकी काहींना बीटल्सचं 'व्हेन आय'म सिक्स्टी-फोर' ऐकवलं, बाकीच्यांना विंडोज 7 सोबत येणारी 'कलिंबा' ही धून. मग जन्मतारीख विचारली. वडिलांचं वय हिशोबात धरल्यावर बीटल्सवाल्यांचं सरासरी वय आलं 20.1 वर्षं, दुसऱ्यांचं 21.5. पी-व्हॅल्यू 0.040. म्हणजे गाणं ऐकून माणसं जवळजवळ दीड वर्षाने लहान झाली! आणि यातला एकही आकडा खोटा नाही.

मग ते झाकलेलं उघड करतात. आणखी एक गाणं ऐकणारा तिसरा गटही होता, तो गाळला. बरंच काही विचारलं होतं, त्यातलं सोयीचं तेवढं सांगितलं. किती जण घ्यायचे ते आधी ठरवलंच नव्हतं. साधारण दहा जण झाले की विश्लेषण करून बघायचं. प्रत्येक वेळी डोकावणं म्हणजे लॉटरीचं आणखी एक तिकीट. प्रत्येक गटात 20 जण घेऊन निकाल आला नाही म्हणून आणखी 10 घेतले, एवढ्यानेच खोट्या निकालाची शक्यता 5 वरून 7.7 टक्क्यांवर जाते. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर 60.7 टक्के. मला विचाराल तर हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा.

पण निबंधातला एक नियम मला पटत नाही. प्रत्येक गटात निदान 20 जण घ्या, असं ते सांगतात. हे फारच कमी आहे, आणि पुढे 2013 मध्ये त्यांनीच ते दाखवून दिलं. पुरुषांचं वजन सरासरीने बायकांपेक्षा जास्त असतं, एवढी ढळढळीत गोष्ट पकडायलाही प्रत्येक गटात 46 जण लागतात! मग संगीत लावून पाठांतर सुधारतं का, असला नाजूक फरक 20 जणांत कसा सापडणार?

आपल्याकडे '30 तरी घ्या' म्हणतात. त्या 30 चा संबंध सरासरीच्या वितरणाच्या आकाराशी आहे, फरक सापडण्याशी नाही. परिणाम 0.4 इतका (कोहेनचा डी) धरला आणि तो पकडण्याची 80 टक्के खात्री हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 100 जण, एकूण 200.

एवढे मिळत नाहीत? मग आराखडा बदला. त्याच माणसांना एकदा संगीतासह, एकदा शांततेत पाठांतर करायला लावा. शब्दयाद्या वेगळ्या ठेवा, क्रम आलटून-पालटून द्या. दोन्ही वेळच्या गुणांत 0.5 सहसंबंध असेल तर 52 जणांत भागतं. जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सिनॉप्सिस जमा करायच्या आधी तुमचे स्वतःचे आकडे त्यात घालून बघा. नंतर घातलेत तर उपयोग नाही.