वजन, आरोग्य आणि प्रसारमाध्यमे : स्त्रीदेहाच्या मापाची चिकित्सा

प्रस्तावना

स्त्रीदेह कसा असावा याचे निकष पूर्वी कुटुंब व ज्ञाती ठरवीत. आज हे काम मुख्यत्वे प्रसारमाध्यमांकडे आले आहे. २००८ साली ‘टशन’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने करीना कपूरच्या ‘साइज झिरो’ची चर्चा झाली आणि मराठी वाचकवर्गालाही हा शब्द परिचित झाला. प्रस्तुत लेखात या दबावाचे स्वरूप आणि रत्नागिरी जिल्ह्यातील स्त्रीजीवनाशी असलेला त्याचा विसंवाद यांचा विचार केला आहे.

आरोग्याची भाषा, सौंदर्याचे माप

लठ्ठपणामुळे मधुमेह व उच्च रक्तदाबाचा धोका वाढतो, हे वैद्यकीय सत्य आहे. आक्षेप त्याविषयी नाही. माध्यमे नाव आरोग्याचे घेतात. दाखवितात मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे. रक्तातील हिमोग्लोबिन छायाचित्रात दिसत नाही, कंबर दिसते. त्यामुळे सडपातळपणा म्हणजेच आरोग्य असे समीकरण वाचकाच्या मनात नकळत दृढ होते.

या समीकरणामागे बाजारपेठ उभी आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश असून, तो बरा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास या कायद्याने मनाई आहे. तथापि चहा, पट्टा, पूरक आहार अशा नावांनी तेच आश्वासन ग्राहकापर्यंत पोहोचते.

‘वजनदार’ : एक अपुरे उत्तर

सचिन कुंडलकर दिग्दर्शित ‘वजनदार’ (२०१६) या चित्रपटाने हा प्रश्न मराठी पडद्यावर आणला. सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी साकारलेल्या, पाचगणीत राहणाऱ्या दोन मैत्रिणी वजन घटविण्याचे नाना मार्ग धुंडाळतात आणि अखेरीस स्वतःचा स्वीकार करतात. हा आशय स्वागतार्ह आहे. परंतु प्रश्न सुटतो तो दोन व्यक्तींच्या मनात; तो निर्माण करणारी व्यवस्था जवळजवळ अस्पर्शित राहते. चित्रपटाच्या प्रसिद्धीतही अभिनेत्रींनी भूमिकेसाठी किती किलो वजन वाढविले, याचीच चर्चा रंगली. मापाला विरोध करणारी कलाकृतीही अशा रीतीने मापातच तोलली गेली.

रत्नागिरीचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईस गेल्याने भातलावणी, आंबा-काजूची कामे, मासळीविक्री आणि घर या सर्वांचा भार स्त्रीवर येतो. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले खाण्याची रीतही अनेक घरांतून संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २३ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाहून अधिक होते. सुमारे २१ टक्के स्त्रियांचे कमी होते आणि ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांची निकड पोषणाची असताना माध्यमांचा उपदेश ‘कमी खा’ असाच राहतो. स्थूल स्त्रीलाही रक्तक्षय असू शकतो, ही बाब तर या उपदेशात हरवूनच जाते. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, बांगडा हा पोषक स्थानिक आहार मागे पडतो आणि डबाबंद ओट्सला प्रतिष्ठा मिळते.

समारोप

उपवास मराठी स्त्रीला नवा नाही. पती व कुटुंबासाठी तिने पिढ्यान्‌पिढ्या व्रते केली. त्या व्रतांमागील विषमता नाकारता येत नाही. परंतु उपवासाला तिथी होती आणि पारणेही होते. माध्यमांनी लादलेल्या आहारनियंत्रणाला पारणे नाही, कारण समाधानी स्त्री ही त्या बाजाराची ग्राहक राहत नाही. म्हणूनच महाविद्यालयांतील आरोग्य तपासणीत वजनकाट्यापूर्वी हिमोग्लोबिनची चाचणी व्हावी आणि भाषा व समाजशास्त्राच्या वर्गांत जाहिरातींचे चिकित्सक वाचन शिकविले जावे. विद्यार्थिनीला पोटभर जेवण्याचा संकोच वाटू लागणे, ही केवळ आहारशास्त्राची नव्हे, तर शिक्षणाचीही समस्या आहे.