जाहिरातीतील ‘आपण’

जाहिरातीचे माध्यम पालटले म्हणजे तिचे व्याकरणही पालटते. चर्चा मात्र बहुधा माध्यमाचीच होते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. हिंगोली जिल्ह्यातील या पिकाभोवती खते, औषधे व बेणे यांच्या विक्रीची जी भाषा आज समाजमाध्यमांवर वावरते, तिच्यात हा दुसरा पालट स्पष्ट दिसतो.

जुन्या जाहिरातीत विक्रेता ‘आम्ही’ असे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीवरील ठरीव वाक्यातला ‘आम्ही’ ग्राहकाला वगळतो. ग्राहकासाठी ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी रूप राखलेले असे: ‘आपण एकवार अवश्य यावे’. दवंडी असो, भिंतीवरील रंगीत अक्षरे असोत, वा १९६७ पासून विविध भारतीवर सुरू झालेल्या जाहिराती असोत, बोलणारा काही विकावयास आला आहे हे ऐकणाऱ्यास आरंभीच कळे.

आता बांधावर उभा राहून मोबाइलसमोर बोलणारा म्हणतो, ‘मंडळी, आपण आपल्या हळदीला हे दिलं, आता कंद पाहा’. शब्द तोच, पुरुष निराळा. श्रोत्याला वगळणारा ‘आम्ही’ व सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद हिंदीच्या ‘हम’ला ठाऊक नाही, तेलुगूत तो ‘मेमु’ व ‘मनमु’ असा आहे. (मराठीचे हे साम्य शेजाराचे की योगायोगाचे, हा निराळ्या लेखाचा विषय.) विक्रेत्याने मराठीचे नेमके हेच सूक्ष्म हत्यार उचलले आहे.

त्याचा परिणाम केवळ शैलीचा नव्हे. ‘वापरा’ या आज्ञार्थाला नकार देता येतो. ‘आपण दिलं’ या भूतकाळी विधानाला नकार देणे म्हणजे आपल्यातल्याच एकाला खोटे ठरविणे होय. दावा अनुभवाचे रूप घेतो आणि पडताळणीच्या कक्षेबाहेर जातो. त्यातून हळद सुमारे नऊ महिने जमिनीत राहते. कंदकूज झाली तर दोष पावसाचा, जमिनीचा की बाटलीचा, हे तेव्हा कोणी सांगावे? बोलीत बोलणारा शेतकरी पाहून ही जाहिरात अधिक खरी मानणारे बोलीलाच प्रमाण समजतात. याउलट स्वतःची हळद दळून विकणारा जेव्हा ‘आम्ही पिकविलेली’ म्हणतो, तेव्हा त्याच्या ‘आम्ही’त जुनी उघड जबाबदारी टिकून असते.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली अशा मजकुरावर जाहिरात असल्याची खूण आवश्यक ठरविली. पण ती इंग्रजीत वा जाहिरातीच्या भाषेत, कशीही चालते. त्यामुळे सबंध बोलणे वसमतच्या बोलीत आणि ‘हे पैसे घेऊन बोललेले आहे’ एवढेच तेवढे इंग्रजीत, अशी रचना नियमात बसते. ‘आपण’ ज्यांना उद्देशून उच्चारला, त्यांच्यापैकी कित्येकांना ती खूण वाचताच येणार नाही.