नाकाचे माप

‘विज्ञानाच्या युगात इतिहास, समाजशास्त्र, साहित्य शिकून करायचे काय?’ हा प्रश्न पूर्वी प्रस्थापितांच्या घरांतून ऐकू येई. आता तो आपल्या वस्तीतूनही येतो. बारावी झालेला एक मुलगा परवा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मुलाला मराठी घेऊन बी.ए. करायचे होते. वडील म्हणाले, ‘सर, आमच्या पिढ्या मातीत गेल्या. ह्याने तरी इंजिनिअर व्हावे.’ मला उत्तर देता आले नाही. कला शाखेच्या पदवीवर आज काय पदरात पडते, हे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्यासारख्यांना कोणी सांगायला नको.

परंतु ‘विज्ञान वाढले की जात आपोआप जाईल’ असा जो समज या प्रश्नाच्या पोटात आहे, तो मला तपासून पाहावयाचा आहे.

कारण विज्ञान जातीच्या बाजूनेही उभे राहिलेले आहे. 1901च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले हा माणसांची नाके मोजीत असे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे, शंभराने गुणायचे, की माणसाचा वंश निघाला! नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्याचा निष्कर्ष. आकडे होते, कोष्टके होती. त्या काळी हेच अद्ययावत शास्त्र होते. मनूने जे श्लोकात सांगितले, ते रिस्लेने दशांश अपूर्णांकात सांगितले, एवढाच फरक.

या शास्त्राला उत्तर कोणी दिले? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या आणि दाखवून दिले की, यांतले पहिले तिघे जातीला सुटी वस्तू समजतात. ती एका व्यवस्थेचा भाग आहे हे विसरतात. जातीचे मूळ त्यांनी जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत शोधले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा उलगडा त्या सक्तीतून केला. हे काही प्रयोगशाळेत सापडणारे नव्हते.

पुढे 1948च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी रिस्लेचेच हत्यार हातात घेतले. अस्पृश्यता वंशभेदातून आली काय, या प्रश्नावरचे ते प्रकरण विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. घुर्ये यांनी दिलेली नाकांची मापे घेऊन बाबासाहेब म्हणतात, मानवमितीवर विश्वास ठेवायचा असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एक आर्य असेल तर दुसराही आर्यच. तेवढ्यावर न थांबता ते मराठ्यांची आणि महारांची कुळे शेजारी मांडून ती सारखीच असल्याचे दाखवतात. मला या प्रकरणातला तो ‘तर’ फार मोलाचा वाटतो. आकडे नाकारलेले नाहीत, पण आकड्यांपुढे मान तुकवलेलीही नाही.

याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते मॅक्झिम गॉर्कीचा आधार घेतात. साहित्य आणि विज्ञान या दोहोंना निरीक्षण आणि तुलना जशी लागते, तशीच कल्पनाशक्तीही लागते, असा त्याचा आशय. पुराव्याची साखळी तुटते तिथे आपण कल्पनेने दुवा जोडला आहे, हे बाबासाहेब लपवीत नाहीत. त्यांचा ‘ब्रोकन मेन’चा, म्हणजे पराभूत टोळ्यांतून फुटून निघालेल्या माणसांचा सिद्धांत सर्वांनी मान्य केलेला नाही, आणि आपणही तो पोथीसारखा पाठ करू नये. वाद घालावा. वाद घालण्याची ती रीतच तर त्यांनी आपल्याला दिली.

आजचे पाहा. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले; मलाही आनंद झाला. पण त्याच देशात माणूस गटारात उतरतो आणि वायूने गुदमरून मरतो. गटार साफ करणारी यंत्रे आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. तरी तो उतरतो, आणि उतरणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. यंत्र असून माणूस स्वस्त का, हा प्रश्न अभियंत्याच्या आराखड्यात येत नाही. तो विचारायला अर्थशास्त्र लागते, इतिहास लागतो आणि ज्याने वाकून ते काम केले त्याची भाषा लागते. ती भाषा दलित आत्मकथनांनी मराठीत आणली, तेव्हा ‘हे साहित्य आहे काय?’ म्हणून विचारणारे विद्वान मानव्यविद्येचेच होते, हेही विसरता कामा नये.

म्हणजे मानव्यविद्या जात्याच आपल्या बाजूच्या आहेत, असा भ्रम मला नाही. आमच्या वर्गांत गाइड चालते, परीक्षेपुरती टिपणे चालतात. मूळ ग्रंथ उघडण्याची सवय शिक्षकांनीच सोडली. असली बी.ए. कोणी सोडून गेले तर त्याला दोष कसा द्यावा? पण आपली सगळी हुशार मुले तिथून उठली, तर आपला इतिहास लिहिण्याचे काम पुन्हा त्याच जुन्या हातांत जाईल. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे काढले.

तो मुलगा अखेर अभियांत्रिकीलाच गेला. जाण्याआधी एकटाच येऊन भेटला, तेव्हा ‘द अनटचेबल्स’ची माझी प्रत त्याला दिली. पहिल्या सत्राच्या सुटीत आला, पण पुस्तक आणले नाही. वसतिगृहातल्या खोलीतली दुसरी दोघे वाचताहेत म्हणाला.