तारेवरचा थर

निकेल-टायटॅनियमची तार वाकवून तापवली की मूळ आकारात परतते. दात सरळ करण्यापासून रक्तवाहिनीतल्या स्टेंटपर्यंत ती शरीरात वावरते, पण तिच्यातलं निकेल बाहेर झिरपण्याची धास्ती असतेच. २००६ मध्ये आल्दो बोक्काचिनी आणि सहकाऱ्यांनी अशा तारांवर विजेच्या साहाय्याने पीईईकेचा थर चढवल्याचं काम प्रसिद्ध केलं. ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

पीईईके हे हट्टी प्लॅस्टिक. ३४३ अंश सेल्सियसला वितळतं, आणि संहत सल्फ्युरिक आम्लासारखा अपवाद सोडला तर नेहमीच्या द्रावकांना दाद देत नाही. मग त्याचं वॉर्निश करायचं कसं? इथे ते विरघळवलेलंच नाही. बारीक भुकटी इथेनॉलमध्ये तरंगत ठेवली आहे. पाणी घेतलं असतं तर विजेने त्याचे बुडबुडे होऊन थरात पोकळ्या राहिल्या असत्या. शिवाय इथेनॉलचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. थर वाळताना कणांमधला द्रव त्यांना कमी ओढतो, म्हणून तडे जाण्याचा धोकाही घटतो. एका द्रवाच्या निवडीत दोन अडचणींची उत्तरं, याला जाणती नजर लागते.

आता वीज. द्रवात कणांवर विद्युतभार येतो, आणि भारित कण विरुद्ध ध्रुवाकडे सरकतात. विजेच्या ओढीने मातीचे कण पाण्यात चालतात हे रॉइस या शास्त्रज्ञाने मॉस्कोत १९ व्या शतकाच्या आरंभीच पाहिलं होतं. पण खरी मौज पुढे आहे. पीईईके विजेला रोधक. जिथे थर जाड झाला तिथला रोध वाढतो आणि येणारे कण उघड्या जागेकडे वळतात. व्होल्टेज स्थिर ठेवलं तर प्रवाह हळूहळू उतरताना मीटरवर दिसतो. ब्रश चालवणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून जपायचा समतोल हा थर आपणहून सांभाळतो, तोही गोल, वळवलेल्या तारेवर. मला या साऱ्या प्रक्रियेत हीच जागा सर्वांत देखणी वाटते.

बाहेर काढलेला थर मात्र रांगोळीसारखा: बोट फिरवलं तर पुसला जाईल. विजेने कण फक्त जागेवर नेले; त्यांना एकजीव करते ती भट्टी. वितळणबिंदूच्या आसपास कणांच्या कडा मऊ होतात, शेजाऱ्यांत मिसळतात, धातूच्या खडबडीत पृष्ठभागात शिरतात. सिरॅमिकचा थर भाजायला याहून कितीतरी जास्त उष्णता लागते, आणि तिने तारेचा आकार-स्मृतीचा गुणच बिघडू शकतो. प्लॅस्टिक निवडण्यातलं शहाणपण इथे कळतं.

थंड करण्यातही कारागिराचा हात दिसतो. झटकन थंड केलं तर रेणूंना रांगेत बसायला वेळ मिळत नाही. थर पारदर्शक, मधाळ रंगाचा राहतो. सावकाश थंड केलं तर सूक्ष्म स्फटिकगोल वाढतात, थर अपारदर्शक आणि अधिक कठीण होतो. पदार्थ तोच, फरक फक्त निवण्याच्या गतीचा.

याच कामात पीईईकेसोबत बायोग्लासचे कणही बसवलेले आहेत. शरीरद्रवाच्या सान्निध्यात या काचेवर हाडातल्या खनिजाच्या जातीचा कॅल्शियम-फॉस्फेटचा थर धरतो. पण काचेचे कण प्लॅस्टिकहून दुप्पट जड. ते तळाशी बसायच्या आत, दोघांना एकाच ध्रुवाकडे बरोबरीने न्यावं लागतं. वेगवेगळ्या चालीच्या दोन पदार्थांना असं एका थरात आणणं, हे या तंत्राचं मला सर्वांत अवघड वाटणारं काम.