निळी गोळी आणि लक्षणदोष

मागच्या व्याख्यानात आपण लक्षणाचे दोष पाहिले, अव्याप्ती आणि अतिव्याप्ती. ते न्यायाच्या पोथीतच राहतात असं कुणाला वाटत असेल, तर त्याने शाळेत मुलींना मिळणारी निळी गोळी बघावी. आठवड्यातून एक, ६० मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक आम्ल. २०१८च्या 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमातली ही मात्रा. त्याआधी लोह १०० मिलिग्रॅम असे.

गोळीला आमचा विरोध नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणी घरी जाऊन मुलीची गोळी बंद करायचं! आमचा आक्षेप तिच्यामागच्या वाक्याला आहे: हिमोग्लोबिन १२च्या खाली, म्हणजे लोह कमी.

बघा, ही सरळ अतिव्याप्ती आहे. बी-१२ कमी असलं तरी हिमोग्लोबिन उतरतं. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीतली थॅलेसेमियाची वाहक मुलगी घ्या, किंवा गडचिरोली-नंदुरबारकडची सिकलसेलची रुग्ण. वाहक मुलीचा लोहाचा साठा पुरेसा असेल, तर महिनोन्महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत नाही. मग ठपका तिच्यावरच येतो: ही गोळ्या फेकून देत असणार. व्याख्येतली चूक मुलीच्या वर्तनात शोधली जाते. आम्हाला सर्वांत खटकतं ते हे.

आता अव्याप्ती. शरीर आधी साठा संपवतं, हिमोग्लोबिन शेवटी घसरतं. साठा सांगणारं फेरिटिन १५च्या खाली गेलेलं, पण हिमोग्लोबिन १२.४, ही मुलगी चाचणीत पास! जिना चढताना दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, मोबाइल कमी कर.

मोजण्याचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींमधला रक्तक्षय २०१५-१६ला ५४ टक्के होता, तो २०१९-२१ला ५९ झाला. ते बोटातलं रक्त. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, तेव्हा १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के निघाला, आणि लोहाची कमतरता ३१ टक्क्यांत. वयोगट वेगळे आहेत, मान्य. तरी ५९ टक्क्यांना लोह कमी आहे, असं त्यातून निघत नाही.

जाता जाता एक. लोह घेतलं की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं शोषण रोखून धरतं. झुरिचच्या प्रयोगांत, लोहाचा साठा कमी असलेल्या तरुणींच्या शरीरात रोजच्यापेक्षा एक दिवसाआड दिलेल्या गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं. तेव्हा "काल चुकली, आज दोन घे" हा आपला घरगुती हिशेब शरीराला मान्य नाही. गोळीवर लगेच चहा तर नकोच.

आणि लोह जातं कुठे? पाळी सात दिवसांहून जास्त चालते का, दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, हे विचारायला ना यंत्र लागतं ना सुई. आईसुद्धा विचारत नाही.